दार लावून वीस मिनिटं

सर, आधी कामाचं सांगते. तुम्ही समोर असता तर चहाच्या आधी तेच विचारलं असतं. बाराही मशिनी चालू आहेत, नेट येतंय. सोमवारी सकाळी मी एकेकीचं बटण दाबत गेले आणि त्यानंतर कुठल्याच मशिनीला हात लावावा लागला नाही. कॉम्प्युटरची लॅब बंद होणार नाही.

आता दुसरं. मी तुमच्यावर चिडलेली आहे. राठोड सरांना जाऊन तीन आठवडे झाले नाहीत आणि ही बाई कागद घेऊन त्यांच्याशी भांडायला बसली, असं लोक म्हणतील तर म्हणोत. बोरी अरबच्या या एका शाळेत आपण सोळा वर्षं काढली, तुम्ही विज्ञान शिकवत होता आणि मी मराठी, आणि त्या सोळा वर्षांत न भांडता एखादा आठवडा गेल्याचं मला आठवत नाही. मग आताच कशाला गुडी गुडी वागू. तुम्ही कसे गेलात, कोण कोण आलं, काय काय बोललं, ते मी लिहिणार नाही. ते शाळेच्या फळ्यावर लिहून झालं आणि दोन मिनिटं उभं राहूनही झालं. मला फक्त तुमच्या रोजच्या त्या वीस मिनिटांबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही गेल्यावर शाळेला एक दिवस सुटी होती. दुसऱ्या दिवशी मी लॅबचं कुलूप काढलं. नववीच्या मुली शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला बसल्या होत्या. मशिनी नेहमीसारख्या सुरू झाल्या, पडद्यावर शाळेच्या फाटकाचा फोटो आला, आणि कोपऱ्यातली नेटची खूण आली, थरथरली, गेली. परत आली, परत गेली. बाराही मशिनींवर तेच. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, सर गेले म्हून मशिनी रुसल्या." मी तिला गप्प केलं. पुढचे चार दिवस मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

सगळं करून पाहिलं, सर. ऑफिसातला राउटर बंद करून चालू केला. मशिनींमागचे नेटचे डोंगल काढून, पुसून परत लावले. खिडक्या उघडल्या, लावल्या, जसं काही नेट खिडकीतून येतं. मुली दारव्ह्याला जाऊन फॉर्म भरून आल्या, त्यांचा एक दिवस बुडाला. हे बुडू नये म्हणूनच तर लॅब होती.

मग संस्थेचे सचिव आले. तुम्हाला माहीत आहे, ते वाईट नाहीत, त्यांना फक्त रिकामी खोली दिसली की हात शिवशिवतात. म्हणाले, "म्याडम, ते सरायच्या हातचं होतं. आता सरच नाही तर कायले जीव काढता? सोमवारी मीटिंग आहे. तवरिक चालल्या तर चालल्या, नाहीतर भंगारात देऊन टाकू अन् खोलीत खेळाचं सामान ठेवू." मी म्हटलं, चालतील. कशाच्या भरवशावर म्हटलं ते मलाच ठाऊक नव्हतं.

दारव्ह्याहून एक दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं पहिल्याच मशिनीवर विंडोजच्या जागी लिनक्स पाहिलं आणि मान हलवली. "हे काढून टाका म्याडम, इंडोज टाकून देतो. याचं इकडं कोनाले समजत नाही." आणि मी काय केलं असेल? तुमच्या खुर्चीजवळ उभी राहून तुमचंच भांडण भांडले. ह्या मशिनी जुन्या आहेत, त्यांना ते झेपणार नाही, आणि तुम्ही टाकाल ती चोरीची कॉपी असेल, शाळेत चोरीचं चालणार नाही. तो बिचारा पाणीही न पिता गेला. आता हसू नका. पाच वर्षं मीच तुम्हाला सांगत होते ना, की सर, हे लिनक्सचं खूळ सोडा आणि चारचौघांसारखं काहीतरी टाका.

आठवतं, मशिनी कशा आल्या? यवतमाळच्या एका ऑफिसानं टाकून दिलेल्या. त्या मालाच्या टेम्पोत टाकून आणताना तुम्ही माझ्याकडून घरच्या गोधड्या मागून घेतल्या होत्या आणि मी पूर्ण रस्ताभर मागे बसून मशिनींना धरून ठेवलं होतं. मला ह्या कामात ओढायचं कारण काय, तर माझं अक्षर चांगलं आणि तुमचं असं की औषधाच्या दुकानातही कोणी वाचू शकलं नसतं. मी फक्त चिठ्ठ्या लिहिणार होते, एक ते बारा नंबर. नंतर कधी मला खुर्चीत बसवलंत, कधी दहावीच्या गुणांची यादी करायला लावलीत, माझं मलाच कळलं नाही.

आणि ती यादी मी उडवली. अख्ख्या वर्गाचे गुण. भलतीच कमांड दिली आणि पुढच्या क्षणी फाइल दिसेनाशी झाली. मला रडू आलं होतं, तुम्ही डब्यातली भाकर हातात घेऊन तसेच आलात. ओरडला नाहीत. म्हणालात, "घाबरता कायले बाई. मशीन भुलत नाही, माणूस भुलते. वरचा बाण दाबा." मी बाणाचं बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर मी शेवटची दिलेली कमांड परत उभी राहिली. परत दाबलं, त्याच्या आधीची. मी फाइल कुठल्या कुठे सरकवून दिली होती ते तिथे माझ्याच शब्दांत लिहिलेलं होतं. तुम्ही भाकर संपवली, मी फाइल परत आणली. त्या दिवसापासून मला मशिनीची भीती वाटली नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

आपलं मोठं भांडण मात्र ह्यावरूनच होतं. मी म्हणायचे, सर, तुम्ही जे जे करता ते वहीत लिहून ठेवा, उद्या तुम्ही नसलात तर आम्ही काय करायचं. तुम्ही म्हणायचा, "मशिनीनं समदं लिहून ठेवलेलं असते बाई. तुमी वाचाले शिका." मी म्हणायचे, आळशीपणाला तत्त्वाचं नाव देऊ नका. तुम्ही म्हणायचा, मराठीच्या मास्तरणीला वाचायला शिका म्हटलं की झोंबतंच. हे भांडण आपण अर्धवट ठेवलं आणि तुम्ही निघून गेलात.

डोंगलचं प्रकरण त्यानंतरचं. आधी वायरी होत्या, त्या घुशींनी खाल्ल्या. मग तुम्ही बारा छोटे डोंगल आणले, बोटाच्या पेराएवढे, मशिनीच्या मागे खोचायचे की हवेतून नेट. आणि ते चालेनात. तुम्ही तीन दिवस त्या एका मशिनीपुढे बसून होता, मग चौथ्या दिवशी मला बोलावून समजावलंत. मला काय गरज होती समजून घ्यायची? पण तुम्हाला कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नसे.

"हे पाहा बाई," तुम्ही म्हणालात, "डोंगल एक अन् त्याले चालवनारे ड्रायव्हर दोन. एक लिनक्सच्या घरचाच, संगं आलेला. दुसरा मी नेटवरून आनून इथंच तयार केला, या डोंगलसाठीच बनवलेला. आता मशीन उठते तवा दोघंही पयतात. यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरते ना मानूस, तसं. घरचावाला जवळ उभा, त्याचा रुमाल आधी पडते. पन त्याले बसता येत नाही धड. अन् दुसऱ्याले तो बसू देत नाही."

"मग घरच्याला गाडीतच चढू देऊ नका," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं मी काही फार मोठं बोलून गेले. "तेच केलं," म्हणालात. "एका फाइलीत एक ओळ लिहिली का याले उठताना घ्याचंच नाही. झालं. आता मशीन माह्यावाचून उठते." आणि तुम्ही बटण दाबून दाखवलंत, आणि नेट आलं, आणि थरथरलं नाही. तुमचा चेहरा मला अजून दिसतो.

म्हणजे हे सगळं मला माहीत होतं, सर. दोन ड्रायव्हर, रुमाल, फाइलीतली ओळ, सगळं मला सांगून झालं होतं. फरक एवढाच की ते झालेलं काम होतं, म्हणून मी ते डोक्यातून काढून टाकलं होतं.

आणि आता ती वीस मिनिटं.

तुम्ही निवृत्त झालात. त्यानंतर पाचव्या दिवशी परत शाळेत दिसलात. "नेट येऊन नाही राह्यलं ना? पाहतो मी," म्हणालात, आम्ही कोणी अजून मशीन चालूही केली नव्हती, आणि लॅबमध्ये जाऊन दार आतून लावून घेतलंत. वीस मिनिटांनी बाहेर आलात आणि नेट आलं होतं. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. शाळा भरायच्या आधी तुम्ही तांड्यावरून सायकलने यायचा, दार लावायचा, वीस मिनिटं, मग ऑफिसात चहा, मग घरी. दोन वर्षं. मुख्याध्यापक खूश, फुकटात माणूस मिळाला. दार का लावता, तर धूळ येते, कुत्रं शिरतं. मी चेष्टा केली की सर मशिनींची आरती करतात, रोजच दसरा. सगळे हसले, तुम्हीही हसलात. मग ते नाव तसंच पडून गेलं. सर आरतीला बसलेत, असं मुलंही म्हणायची.

शनिवारी सकाळची शाळा सुटली. सगळे गेल्यावर मी लॅबमध्ये एकटी बसले, सात नंबरच्या मशिनीपुढे, कारण तिची खुर्ची बरी आहे. काय करायचं माहीत नव्हतं. मनात तुमच्याशी भांडत होते, की लिहून ठेवलं असतं एक पान तर काय हात झिजले असते. आणि ते भांडताना तुमचं उत्तरही ऐकू आलं, नेहमीचंच. मग मी काळा पडदा उघडला आणि वरचा बाण दाबला.

तुमची शेवटची कमांड आली. मॉडप्रोब, म्हणजे ड्रायव्हर आणायची कमांड, आणि पुढे तुम्ही तयार केलेल्या ड्रायव्हरचं नाव.

परत दाबला. मॉडप्रोब, मध्ये काढून टाकण्याची खूण, आणि पुढे घरच्या ड्रायव्हरचं नाव. परत दाबला, पहिली. परत, दुसरी. मी दाबत राहिले, सर. एक घालवा, एक आणा. एक घालवा, एक आणा. मध्ये कुठे काही वेगळं नाही. किती वेळ दाबत होते मला माहीत नाही, पडद्यावर तेच दोन शब्द वर-खाली होत होते आणि मला समोरचं दिसेनासं झालं.

रडून झाल्यावर मी त्याच दोन कमांड दिल्या, आधी घालवायची, मग आणायची. पासवर्ड मला पाठ होता, तुम्ही तीनदा म्हणून घेतला होता. कोपऱ्यातली खूण आली आणि तशीच राहिली. मी मशीन बंद करून परत चालू केली. खूण आली, थरथरली, गेली. परत हाताने केलं, आली. परत बंद-चालू, गेली. मग आठ नंबर, नऊ नंबर. सगळीकडे वरच्या बाणाखाली तुमचे तेच दोन शब्द. म्हणजे दार लावून तुम्ही हेच करत होता. रोज सकाळी, बारा मशिनींवर, एकेक करून, हाताने.

पण का? फाइलीत ओळ लिहून झाली होती ना? मशिनी तुमच्यावाचून उठत होत्या ना?

निकालाच्या लांबलचक यादीत मुलींची नावं शोधायला तुम्ही मला एक कमांड शिकवली होती, ग्रेप म्हणतात तिला. शब्द द्यायचा, तो कुठे आहे ते ती शोधून आणते. मी मुलीच्या नावाऐवजी घरच्या ड्रायव्हरचं नाव दिलं आणि मशिनीच्या सगळ्या सेटिंगमध्ये शोधायला लावलं. एक फाइल सापडली. उघडली. आत एकच ओळ, तुम्ही सांगितली होती तीच, ह्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट करा म्हणून. अगदी बरोबर. फक्त ओळीच्या आधी हॅश होता. फोनवर आकड्यांच्या खाली असते ती चार काड्यांची खूण.

ओळीच्या आधी हॅश टाकला की मशीन ती ओळ वाचतच नाही, हेही तुम्हीच शिकवलेलं. ओळ फाइलीत राहते, फक्त लागू होत नाही.

मी फाइलीची तारीख पाहिली. तुमच्या निवृत्तीनंतरच्या महिन्याची पाच तारीख. बाराही मशिनींत तीच, सकाळची, पाठोपाठच्या वेळा.

तेव्हा मला माझं भाषण आठवलं. तुमच्या निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापकांनंतर मी बोलले. माझं भाषण चांगलं झालं होतं, सगळे म्हणाले. मी म्हटलं होतं, राठोड सरांची खरी कमाई ही की आता लॅब त्यांच्यावाचून चालते. सर, लॅबची काळजी सोडा, तिला आता तुमची गरज नाही, घरी निवांत बसा. टाळ्या पडल्या. तुम्ही शाल पांघरून, नारळ हातात धरून माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, भरून आलंय.

तुम्हाला भरून आलं नव्हतं, सर. तुम्हाला लागलं होतं. आणि तुम्ही ते मला न सांगता चार दिवस घरी बसलात आणि पाचव्या दिवशी येऊन बारा मशिनींवर बारा हॅश टाकलेत. स्वतःच झालेलं काम मोडलंत. जो माणूस वर्गात मुलांना सांगायचा की आपल्यावाचून चाललं तरच काम झालं, त्यानं. मी सात नंबरपुढे बसून तुम्हाला मोठ्याने बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. लॅब रिकामी होती ते बरं.

राग उतरल्यावर बोट बटणावर ठेवलं. हॅश खोडायचा, फाइल साठवायची, संपलं. एका बटणाचं काम. आणि माझं बोट चालेना. मला वाटलं, राहू द्यावं. मीच सकाळी लवकर येईन, दार लावीन, दोन कमांड देईन. सचिवांना नेट दिसल्याशी मतलब, त्यांना कुठे कळतंय. हे खोडलं की तुम्ही रोज सकाळी इथे होता याला काही कारणच उरणार नाही, आणि ते पुसणारी मी असेन, त्या भाषणानंतर दुसऱ्यांदा. मी काहीच न करता मशीन बंद केली आणि घरी गेले.

रविवारी तांड्यावर तुमच्या घरी गेले. काकू दारातच बसल्या होत्या, तूर निवडत. "आव बाई, बेस," म्हणाल्या. बसले. थोडा वेळ दोघीही तूर निवडत राहिलो. मग त्यांनीच विचारलं, "त्यायच्या मशिनी उठल्या का?"

मी खोटं बोलणार होते, सर. काकूंना काय सांगायचं ते रस्ताभर जुळवलं होतं. पण त्यांच्याकडे पाहून सगळं खरंच सांगून टाकलं, ओळ, हॅश, तारीख, माझं भाषण. ड्रायव्हर म्हणजे काय ते त्यांना किती कळलं माहीत नाही. बाकीचं पूर्ण कळलं.

"मले ठाव हाय," त्या म्हणाल्या. "मले सांगलं होतं त्यायनं. घरी बसून जीव लागेना. चार दिस नुसते आंगनात उभे राह्यत. मंग म्हने, मशिनी झोपवून आलो, आता रोज उठवाले जा लागते." त्या हसल्या. मग तुरीतला खडा काढून बाजूला टाकत म्हणाल्या, "पन ते तुही वाट पाहून राह्यलते."

"माझी?"

"म्हने, बाई लय भांडखोर हाय. एक दिस दार ढकलून येईन अन् इचारीन, सर, दार लावून काय करता? मंग तिले समदं दाखवतो, तिच्याच हातानं ते करून घेतो, अन् मंग मी मोकळा. रोज घरी आले का मी इचारो, आली का तुमची बाई? नाही म्हने आज बी. हसत." काकूंनी सूप झटकलं. "मंग मंग मी इचारनं सोडलं."

दोन वर्षं, सर. दाराला आतून कडी असायची, पण ती कडी वाकलेली आहे, नुसतं ढकललं तरी उघडते, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. मी रोज त्या दारावरून स्टाफरूममध्ये जात होते. मी चेष्टा केली, आरती म्हटलं, तुमच्याशी जगातल्या सगळ्या विषयांवर भांडले, आणि हे एक साधं वाक्य विचारलं नाही. मला तुमची आठवण येते म्हणून मी रडत नाही आता. मी विचारलं नाही म्हणून रडते.

मी काकूंना विचारलं, "मग मी ते चालू करू का? मशिनी आपोआप उठतील. सरांचं काम राहणार नाही तिथे."

"करशीन नाही तं काय," काकू म्हणाल्या. "तुह्यासाठीच ठेवलं होतं ना ते."

सोमवारी मी आठला शाळेत पोचले. दार सताड उघडं ठेवलं. धूळ आली, कुत्रंही येऊन पाहून गेलं. एक नंबरपासून सुरुवात केली. फाइल उघडली, हॅश खोडला, साठवली. दोन नंबर. तीन नंबर. घाई केली नाही, तुम्ही शेजारी उभे असता तसं प्रत्येक मशिनीवर ओळ एकदा मोठ्याने वाचली. बाराही झाल्यावर सगळ्या बंद केल्या, भिंतीवरचं मेन बटणसुद्धा. मग परत चालू केल्या आणि हात मागे बांधून दारात उभी राहिले. शाळेच्या फाटकाचा फोटो बारा वेळा आला. कोपऱ्यात खूण आली. थरथरली नाही. बाराच्या बारा.

सचिव अकराला आले तेव्हा मुली फॉर्मचं बघत होत्या. त्यांनी दोन-तीन मशिनींवर वाकून पाहिलं. "कोनी दुरुस्त केलं?" म्हणाले. मी म्हटलं, राठोड सरांनी. त्यांना वाटलं मी दुःखात बोलतेय, आणि ते मीटिंगला निघून गेले. खेळाचं सामान वऱ्हांड्यातच राहिलं.

लिहून ठेवायचं भांडण मी सोडलेलं नाही. दाराच्या आतल्या बाजूला माझ्या अक्षरात एक पान चिकटवलंय, काय बिघडतं आणि कुठली फाइल उघडायची ते. वरचा बाण पण लिहिलाय, तुमच्यासाठी. मी आता रोज साडेनऊला येते, शाळा भरायच्या आधी. करायला काही नसतं. दार उघडं ठेवून बसते, कोणी आत डोकावलं आणि बाई काय करून राह्यल्या म्हणालं तर खुर्ची ओढून देते. दोघीतिघी रोज येतात आता.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नाही. सोमवारी हॅश खोडले ते सगळे फेकले नाहीत. प्रत्येक फाइलीत तुमच्या ओळीच्या वर मी एक नवी ओळ लिहिली आणि तिच्या आधी हॅश टाकला. मशीन ती वाचणार नाही, पुढे कधी कोणी माणूस फाइल उघडेल तोच वाचेल. बारा मशिनींत बारा वेळा लिहिलंय: सर, दार लावून काय करता?